आठ स्वयंपाकघरांची सहल

शेऱ्याच्या रकान्यात आठ वेळा एकच वाक्य होतं: ‘स्वयंपाकघर आहे.’ आठ मुक्काम, आठ खोल्या, आणि आठही वेळा हिरव्या शाईत, खाली पट्टीने रेघ मारून. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हटलं, आपल्यालाच नीट दिसत नसेल. चांगलं स्वच्छ दिसत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

सहल कुणाची? माझी. माझ्या निवृत्तीची. तेहेतीस वर्षं मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढलं. सकाळी सातला पहिला हात पुढे यायचा, आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांचा चहा, नाश्ता, डबे झालेले असायचे. या महिनाअखेरीला ती नोकरी संपत होती. आमचे हे म्हणाले होते, “तू मोकळी झालीस की त्या बेटाला पूर्ण फेरी मारून येऊ.”

बेट म्हणजे अख्खा देशच. विषुववृत्ताजवळचा, बारा महिने ऊन, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने साऱ्या देशाला वळसा घालून पुन्हा निघाल्या ठिकाणी आणून सोडणारा एकच रस्ता. मला तो देश प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरमुळे ठाऊक होता. एका औषध कंपनीचं कॅलेंडर, त्यात ऑगस्टच्या पानावर पाण्याला लागून एक ओसरी, ओसरीवर टेबल, टेबलावर झाकण घातलेलं ताट. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, ते पान मी तिथल्याच माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अकरा वर्षं ते तिथे आहे. त्या झाकणाखाली काय आहे ते मला माहीत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आयुष्यात निदान नऊ दिवस जेवायला काय आहे ते आपल्याला माहीत नसावं, एवढीच माझी इच्छा. ती मी ह्यांना सांगितलीही होती. ह्यांनी मान डोलावली होती. तेव्हा हे नकाशावर दोरा ठेवून किलोमीटर मोजत होते.

हे बसच्या आगारात वेळापत्रकं आखायचे. कुठली बस किती वाजता सुटेल, कोण चालवेल, त्याला विश्रांती कुठे मिळेल, सगळं ह्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. आगारात ह्यांना घड्याळमास्तर म्हणत, आणि ह्यांना ते मनापासून आवडायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पेन्सिल सुटलेली नाही. बेटाची फेरी म्हटल्यावर तर ह्यांच्या अंगात आलं. तीन महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. सूर्योदय किती वाजता, भरती किती वाजता, दीपगृहाचा जिना चढायला किती मिनिटं, सगळं लिहिलेलं. फक्त मला काय हवंय ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

“हे काय आहे?” मी कागद पुढे केला.

“काय?”

“शेरा.”

“अच्छा, ते!” ह्यांचा चेहरा असा फुलला, जसं मी कौतुकच करायला आले होते. “अगं, ते शोधायला पंधरा दिवस लागले. सातव्या मुक्कामाला तर मिळतच नव्हतं. मालकिणीला तीनदा फोन केला. शेवटी म्हणाली, अंगणात शेगडी मांडून देते.”

“मला स्वयंपाकघर नकोय.”

“बाहेरचं तुला सोसत नाही.”

“मला सोसतं. तुम्हाला सोसत नाही.”

“तेच ते. आणि तुझ्या हातची चव तिथे कुठे मिळणार? दोघांचं तर करायचं. अर्ध्या तासाचं काम.”

अर्ध्या तासाचं काम! ज्या माणसाला शहरातल्या कुठल्या थांब्यावर बस किती सेकंद थांबते हे पाठ होतं, तो माणूस एकतीस वर्षं माझ्या हातचं जेवून म्हणत होता, अर्ध्या तासाचं काम. कागदाच्या मागे सामानाची यादी होती. छोटा कुकर, दोन पातेली, तवा, मसाल्याचा डबा, तांदूळ चार किलो, चहापत्ती, भांडी घासायची घासणी. घासणीसुद्धा! सगळ्यात खाली एक ओळ, ‘हिचे कपडे’.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या देशात असते, तिला म्हटलं, बघ तुझ्या बाबांचे प्रताप. तर ती म्हणाली, “आई, किती मनापासून करतायत ते! बिचाऱ्यांचा हिरमोड नको करूस.” बिचारे! मी फोन ठेवला आणि राग कणकेवर काढला.

खरं सांगायचं तर हा माणूस वाईट असता तर मी कधीच नाद सोडला असता. वाईट नाही, हाच सगळा घोळ आहे. बावीस वर्षांपूर्वी गर्दीच्या हंगामात एका साहेबाने ड्रायव्हरांची विश्रांती कापून दोन जादा फेऱ्या बसवल्या होत्या. ह्यांनी त्या तक्त्यावर सही करायला साफ नकार दिला. साहेबाने टेबल आपटलं, धमक्या दिल्या, हे ढिम्म हलले नाहीत. शिक्षा म्हणून आठ महिने लांबच्या आगारात बदली झाली. त्या आठ महिन्यांत घर, मूल, नोकरी मी एकटीने ओढलं आणि एका शब्दाने कुरकुरले नाही, कारण मला नवऱ्याचा अभिमान वाटत होता. थकलेल्या माणसाकडून काम करून घेणं हा गुन्हा आहे, असं हे म्हणायचे. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हाही मी बहुधा चुलीपाशीच उभी असेन.

तर मी प्रयोगशाळेतलं गळ्यात अडकवायचं स्टॉपवॉच घरी आणलं. तीन दिवस सगळं मोजलं. चिरणं, शिजवणं, वाढणं, घासणं, पुसणं, उद्याचं भिजत घालणं. आज काय करायचं हा विचार मोजता येईना, म्हणून तो सोडून दिला. ह्यांच्याकडे आगारातले कोरे छापील तक्ते गठ्ठ्याने पडून आहेत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही वाणसामानाची यादी करतो. मी एक तक्ता घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्या पुढच्या बाजूवर लिहिलं, अक्षराचं वळण बदलून. ह्यांच्या सहलीचे नऊच्या नऊ दिवस, ह्यांनीच दिलेल्या वेळा धरून. नावाच्या जागी ‘कर्मचारी क्र. १’. कामाच्या जागी ‘पूर्वतयारी’, ‘वाटप’, ‘सफाई’. ह्यांचा जुना सहायक अजून अधूनमधून तक्ते तपासायला पाठवतो, त्यांच्या ढिगात मधोमध तो सरकवून दिला आणि मी समोर बसून मटार सोलत राहिले.

संध्याकाळी चहाबरोबर हे ढीग घेऊन बसले. दोन तक्ते बिनबोभाट गेले. तिसऱ्यावर पेन्सिल थांबली.

“हा कुठल्या गाढवाने केलाय?”

“का? काय झालं?”

“अगं, सव्वापाचला ड्यूटी सुरू, रात्री पावणेदहाला संपते. मध्ये सलग अर्धा तास विश्रांती कुठेच नाही. ऐन जेवणाच्या वेळेत याला कसलं तरी वाटप लावलंय, मग हा जेवतो कधी? दोन ड्यूट्यांमध्ये निदान नऊ तास हवेत, इथे साडेसात.” पेन्सिल सपासप चालत होती. “आणि सुट्टी? नऊ दिवसांत एकही नाही! बदलीला कोण, तर कोणी नाही! माणूस आहे की जनावर?”

“नसेल त्यांच्याकडे दुसरं कोणी,” मी म्हटलं.

“नसेल तर फेरी रद्द करा. हे चालणार नाही.” ह्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘अमानुष. नामंजूर.’ खाली सही केली, तारीख घातली. मग कागद उलटसुलट करून बघितला. “आगाराचं नावच नाही. कुठला आहे हा?”

“आपला,” मी म्हणाले. “कर्मचारी क्रमांक एक मी आहे. वाटप म्हणजे वाढणं. वेळा तुमच्याच आहेत, ताडून बघा.”

ह्यांनी खरंच ताडून बघितल्या. एकेक आकडा. कान लाल होत गेले. मग पेन्सिल पेटीत ठेवली, पेटी बंद केली, आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मटारची टरफलं उचलली. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, पोहोचलं.

दोन दिवस गेले. ह्यांनी चहाचा कप स्वतः विसळून ठेवला, दोनदा. आणि मी मूर्ख, त्या दोन कपांवर भाळले. दवाखान्यात जाऊन कपाटाच्या दारावरचं पान बघून आले. तिसऱ्या दिवशी हे नवा तक्ता घेऊन आले, दोन रंगांत, सुबक.

“घे. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. आता आठ तासांत बसवलंय. मधे विश्रांती, पाचव्या दिवशी पूर्ण सुट्टी. सगळं नियमात.”

“आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी जेवण कोण करणार?”

“बदली दिलीय ना! खाली बघ.”

खाली लिहिलं होतं, ‘कर्मचारी क्र. २: ताई’.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. लग्न केलं नाही. शाळेच्या वसतिगृहात पस्तीस वर्षं दीडशे मुलांचं जेवण रांधलं आणि आता दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्या बाईने बसस्टँडपलीकडचं जग पाहिलेलं नाही. आणि ह्यांनी तिला बेट दाखवायचं ठरवलं, ते माझ्या सुट्टीच्या दिवशी कुकर लावायला! अंगाचा तिळपापड झाला.

“त्यांना विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय? ती काय नाही म्हणतेय?” आणि मला दाखवायला म्हणून ह्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला. सहल, बेट, नऊ दिवस, तिकिटाची चिंता नको, असं सगळं सांगितलं.

पलीकडून वन्संचा आवाज आला, “समुद्र? म्हणजे खराखुरा?”

“खराखुरा गं. फक्त हिला थोडी मदत करायची. स्वयंपाकाला.”

“करीन की! त्यात काय! माझी सुरी घेऊन येते, परक्या ठिकाणच्या सुऱ्यांना धार नसते.” त्या थांबल्या, मग लहान मुलीसारख्या हळूच म्हणाल्या, “मला पाय बुडवायला मिळतील का रे पाण्यात?”

ह्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं. “तिसऱ्या दिवशी, कासवांच्या किनाऱ्यावर. पंधरा मिनिटं आहेत.”

“पंधरा!” वन्सं म्हणाल्या. “पुष्कळ झाली रे. पुष्कळ झाली.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पोटं भरलेल्या बाईला पंधरा मिनिटं पुष्कळ वाटावीत, आणि तिच्या सख्ख्या भावाला ती द्यावीशी वाटावीत पंधराच! आणि मी तरी काय केलं होतं? स्वतःच्या बाजूने भांडले, तेव्हा ह्या बाईची एकदा तरी आठवण काढली होती का? मी ह्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

“वन्सं, सुरी घरीच ठेवा.”

“अगं, मग चिरायचं कशाने?”

“चिरायचं नाही. शिजवायचं नाही. आपण दोघीच जातोय. कासवांच्या किनाऱ्यावर सकाळी बसायचं ते कंटाळा येईपर्यंत उठायचं नाही.”

“अगं पण जेवण?”

“कुणीतरी आणून देईल.”

“काय असेल गं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. हे तीन शब्द बोलायला मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. पलीकडे वन्सं खुदकन हसल्या, मग हसू थांबेचना. मी फोन ठेवला.

“दोघी?” हे म्हणाले. “दोघी म्हणजे?”

“तिकिटं सोमवारी काढणार होतात ना? दोनच काढा. नावं आत्ता ऐकलीतच. आणि त्या आठही मालकिणींना फोन करून सांगा, स्वयंपाकघरं नकोत. सातवीला सांगा, अंगणात शेगडी मांडू नका, खुर्च्या मांडा.”

हे खुर्चीत बसले. नकाशाकडे बघितलं, त्यावरच्या दोऱ्याकडे बघितलं. मी वाट बघत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी हे नुसतं म्हणाले असते, ‘मलाही ने, मिळेल ते खाईन’, तर मी तिसरं तिकीट काढलं असतं. रागावून, चिडून, पण काढलं असतं. ह्यांनी तक्ता उचलला, परत ठेवला. मग आतल्या दाराकडे बघत म्हणाले,

“मग माझ्या जेवणाचं काय?”

मी पर्समध्ये स्टॉपवॉच शोधलं आणि नकाशावर, बरोबर बेटाच्या मध्यावर ठेवलं.

“परक्या देशात आठ स्वयंपाकघरं शोधलीत,” मी म्हणाले. “नववं आत आहे. अर्ध्या तासाचं काम.”