कागदात बांधलेलं रुखवत

गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पाटोद्याच्या मंगल कार्यालयात कडूबाईंनी रुखवताचा पहिला पुडा फोडला. अक्षता अजून पडायच्या होत्या.

रुखवत फोडायचं नसतं, बघायचं असतं. नवरीच्या आईनं मांडलेला फराळ नवरदेवाकडच्या बायकांनी डोळे भरून बघायचा, जमतील तेवढी नावं ठेवायची आणि जसाच्या तसा सासरी न्यायचा. म्हणून तर छबुबाई इतकी वर्षं ऑर्डरीची रुखवतं चकचकीत जिलेटिनात बांधत आल्या. त्या प्लास्टिकातून अनारसासुद्धा सोन्याचा वाटायचा.

यंदा नवरी वैष्णवीनं हट्ट धरला, प्लास्टिक नको. छबुबाईंची सून सायली लगेच तिच्या बाजूला गेली. जिलेटिनात करंज्या सादळतात, हे ती लग्न होऊन आल्यापासून सांगत होती.

“गिऱ्हाईक आधी डोळ्यानं खातंय, सायली. झाकलेलं कोण घेतं?”

“एक लगीन करून बघू ना, आत्या.”

“एकच. बोंब झाली, तर पुन्हा कागदाचं नाव काढायचं न्हाई.”

सायलीनं खाकी कागदाचे नेटके पुडे बांधले, लाल दोरा गुंडाळला, वर हळदीकुंकवाची बोटं उठवली. टेबल देखणं दिसत होतं. फक्त कोणत्या पुड्यात काय, ते लिहायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नवरदेवाच्या आत्या कडूबाई टेबलाभोवती दोनदा फिरल्या. “कावून एवढं झाकलंय? रिकामेच हायेत का काय?” म्हणाल्या आणि दोरा ओढला. आतून करंजी निघाली. कडूबाईंनी ती तिथंच दाताखाली घेतली. करंजीचा खुसखुशीत आवाज मागच्या बाईपर्यंत गेला. मागचीनं दुसऱ्या पुड्याला हात घातला.

सायलीला सासूची अट आठवली. आता ही बोंबच.

छबुबाई टेबलाला आडव्या झाल्या. “थांबा! पुडा फोडायचा, तर नाव घ्यावं लागंल. फुकट न्हाई!”

त्यांना वाटलं, बायका लाजून मागं सरतील. पण नाव घ्यायला लाजणारी बाई त्या वऱ्हाडात नव्हतीच. कडूबाईंनी तोंड पुसलं, पदर खोचला.

“पुड्यामधी काय हाय, वरून काय कळंना, भागवतरावांच्या मनातलं तीस वर्षांत मिळंना!”

हसण्याचा असा गदारोळ उठला की माइकवरचं ‘सावधान’ कुणाला ऐकूच गेलं नाही. पुड्यांसमोर रांग लागली. कुणाला लाडू आला, कुणाला शेव. शंकरपाळे आलेली बाई म्हणाली, “मला अनारसा पायजे, मी दुसऱ्यांदा नाव घेते!” मागून आवाज आला, “नवरा एकच हाय ना, बाई?” अंतरपाटाआडून वैष्णवी टाचा उंचावून बघत होती. ब्राह्मणानं शेवटी माइक खाली ठेवला.

तेवढ्यात वरमाई वत्सलाबाई आल्या. गर्दी फाकली. टेबलावर नुसता चुरगळलेला कागद.

“आन् मी माजलगावला काय नेऊ? कागूद?”

सायलीच्या हातात शेवटचा पुडा होता. “एक हाय, मावशी.”

वत्सलाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग पुड्याकडं. “मग दे की. मी काय बिननवऱ्याची हाय?”

आसारामरावांचं नाव घेता घेता त्यांनाच हसू फुटलं, आणि अर्धा उखाणा बायकांनी पुरा केला. पुड्यात चकली निघाली. ती कडाकड मोडत वत्सलाबाई म्हणाल्या, “आता चला, पोरगी उभी हाय तिकडं.”

जेवणाच्या पंगतीतच तीन घरांनी सांगून टाकलं, आमच्या लग्नात कागदातलंच रुखवत पाहिजे. सायलीचे पाय जमिनीवर ठरेनात.

“त्यांना कागूद पायजे का उखाणे, ते इचारलंस का?” छबुबाई म्हणाल्या.

विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात वत्सलाबाईंच्या मुलीचं, दिपालीचं लग्न आहे. वत्सलाबाईंना कागदच हवा आहे, पुडेही दुप्पट. दिपालीची सासू अंबाजोगाईची. तिचा निरोप आला, झाकलेलं चालणार नाही, आमच्याकडं आधी रुखवत बघतात, मग नावं ठेवतात. अर्धं कागदात, अर्धं जिलेटिनात कराल का, असं वत्सलाबाईंनी फोनवर विचारलं. सायली काही बोलायच्या आत छबुबाईंनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, “न्हाई. कागदातच. दिसतंय त्याच्यासाठी उखाणा कोण घेतं?”

दोन्ही घरांचं बोलणं चालू आहे. आज दुपारपर्यंत माजलगावहून फोन आलेला नाही.