काउंटीचा विमा

ट्रूडी एका पायावर भार देऊन आयडाच्या केसांना रोलर लावत होती. तिचा उजवा खुबा वर्षभर कुरकुरत होता, आता तो सरळ भांडायलाच उठला होता. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात बायकांचे केस करणारी ती एकटीच, आणि दिवसभर बसून काही केस कापता येत नाहीत.

"बदलून घे ना तो खुबा एकदाचा," आयडा आरशातून म्हणाली. दर शुक्रवारी केसांबरोबर ती सल्लेही इथेच मोकळे करायची.

"माझ्या विम्यावर? अगं, तो विमा म्हणजे छत्री आहे, पण उघडायची कधी, तर पाणी गळ्याशी आल्यावर!"

खोटं नव्हतं. स्वतःचा धंदा म्हणून विमाही तिचा तिनेच घेतलेला. हप्ता महिन्याच्या महिन्याला भरायचा, आणि दुखलंखुपलं की कंपनी म्हणणार, आधी इतके हजार तुमच्या खिशातून जाऊ द्या, मग आमच्याकडे या. ते हजार जमेपर्यंत खुबा दम धरणार नव्हता.

"मग तुझ्या घरी राहणाऱ्या त्या वेंडेलशी लग्न कर. काउंटीचा विमा आहे त्याला, सरकारी, बायकोलाही चालणारा! माझ्या नवऱ्याला तसला असता ना, तर मी त्याच्याशी दोनदा लग्न केलं असतं."

आयडाने हे थट्टेत म्हटलं असलं तरी त्या भागात कुणाला ते वावगं वाटलं नसतं. तिथे जावई कसा मिळाला विचारलं, तर रंगरूपाआधी त्याचा विमा सांगतात. ट्रूडीने मात्र रोलर जरा जोरातच आवळला.

तिला लग्नाची धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. पहिला नवरा लाइल दुसरीबरोबर निघून गेला. घटस्फोटाचे कागद पुरे व्हायच्या आत मोटरसायकलवरून पडून हॉस्पिटलात गेला आणि तिथेच संपला. दुसरी गायब झाली. हॉस्पिटलाने कायद्याने जी बायको होती तिला शोधून काढलं आणि त्या पळपुट्याचं बिल हिच्या हातात ठेवलं. किती वर्षं केस कापून तिने ते फेडलं, ते तिचं तिला ठाऊक. पुढे वेंडेल तिच्याकडे राहायला आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिने बजावलं होतं, "राहा खुशाल. पण लग्नाचा विषय काढलास, तर तुझी बॅग दाराबाहेर." वेंडेलने मान डोलावली आणि इतक्या वर्षांत खरंच कधी विषय काढला नाही.

तसा तो कमी बोलणाराच. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात खडीचे रस्ते सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवायचा. बरोबरीचे सगळे निवृत्त होऊन तलावावर मासे धरत बसले होते. यानेही हौसेने बोट आणली होती, ती अंगणात ताडपत्रीखाली कुजत पडलेली. कंबर धरून घरी यायचा, पण नोकरी सोडायचं नाव नाही. "त्या यंत्राशीच तुझं लग्न लावून द्यायला हवं," ट्रूडी टोमणा मारायची, आणि तो नुसता हसायचा.

त्या संध्याकाळी ती बशा मांडताना कण्हली, तशी तिथल्या रिवाजाप्रमाणे दालचिनीचा गोड रोल खिमा-राजम्याच्या तिखट चिलीत बुडवता बुडवता वेंडेल म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी कोर्टात जाऊ. महिना संपायच्या आत उरकलं, तर एक तारखेपासून तू माझ्या विम्यात."

"विषय काढायचा नाही ठरलं होतं."

"लग्नाचा. मी विम्याचा काढलाय."

तिला हसू आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. इतक्या वर्षांनी माणसाने विचारलं, तेही खुब्याच्या निमित्ताने! बरं, ऑपरेशन करणाऱ्या त्या कसायाच्या हातून काही चुकलंच, तर आपलं बिल या भल्या माणसाच्या बोडक्यावर. पण टेबलाला धरल्याशिवाय तिला उठताही येत नव्हतं.

"खुबा बरा झाला की मोडायचं," ती म्हणाली.

"बरं," वेंडेल म्हणाला आणि खात राहिला.

शुक्रवारी ती दोघं कोर्टाच्या इमारतीत गेली. साक्षीदार म्हणून आयडा, डोक्यावर रोलर आणि त्यावर रुमाल, कारण तिने आपला शुक्रवार सोडायला साफ नकार दिला होता. काउंटी लहान, त्यामुळे लग्नाचा परवाना द्यायला आणि कर्मचाऱ्यांचे पगार-विमे बघायला खिडकी एकच आणि बाईही एकच, मार्लिस.

"आलास बाबा एकदाचा!" वेंडेलला बघताच ती म्हणाली. "ट्रूडी, दरवर्षी विमा नव्याने ठरवायची वेळ आली की हा निवृत्तीचा अर्ज घेऊन येतो. विचारतो, नोकरी सोडल्यावर पुढे कधी लग्न केलं, तर बायकोला विम्यात घेता येईल का? मी म्हणते, नाही. की अर्ज घडी घालून खिशात, आणि चालला परत ग्रेडरवर! मी म्हटलं, अरे पण तुला बायको आहे कुठे? तर म्हणे, असू दे, तिला लागेल कधीतरी."

वेंडेलचे कान लाल झाले. ट्रूडीने खिडकीची कड घट्ट धरली. या वेळी ते खुब्यामुळे नव्हतं.

"आणि ती बोट?" तिने कसंबसं विचारलं.

"बोट कुठे पळून चाललीय?"

मार्लिसने शिक्का उचलला. "थांब," ट्रूडी म्हणाली. वेंडेलचा चेहरा उतरला.

"वेंडेल, काढ आता लग्नाचा विषय."

"बॅग बाहेर ठेवशील."

"नाही ठेवत. पण विम्याचं नाव काढायचं नाही. आणि लवकर विचार, पाय दुखतोय माझा."

त्याने टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न सुचून आयडाच्या हातात दिली. "माझ्याशी लग्न करशील?"

ट्रूडीच्या डोळ्यांत पाणी आलं. जे इतकी वर्षं तिच्या पोटात होतं, ते आता ओठांवर आलं. "माझी बिलं तुझ्या डोक्यावर येतील रे."

"मग काय शेजाऱ्याच्या येतील?" वेंडेल म्हणाला.

ती मार्लिसकडे वळली. "मार शिक्का."