दिवाणखान्याची उत्तरेकडची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. गावाबाहेरच्या मोठ्या घरात, दिवाणखान्याच्या उत्तरेला मी उभी आहे. हे घर आता तिकीट काढून बघता येतं आणि आत आलेला माणूस आधी माझ्याकडेच पाहतो. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा तोरा आला, तर चालवून घ्या.

माझं अंग दगडाचं आणि चुन्याचं. पावसात मी जरा ओल पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. दीडशे वर्षं असं सुखाने चाललं होतं. मग माझ्यावर ओलीचा डाग दिसला आणि घराची देखभाल करणाऱ्या बाईंनी गवंड्याला बोलावलं. गवंडी कामाला वाघ! त्याने मला जाडजूड सिमेंटने लिंपलं आणि माझी पाठ थोपटून म्हणाला, "आता शंभर वर्षं बघायला नको." सगळ्यांनी त्याची वाहवा केली. मीही खुशीत होते.

पण आत शिरलेली ओल आता बाहेर पडेना. काही वर्षांत मी फुगले, पोपडे सुटले. दिवाणखाना बंद झाला. 'भिंत पाडून टाका,' असा सल्ला आला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी पुन्हा गवंड्यालाच बोलावलं. तो आता थकला होता. त्याच्याबरोबर त्याची मुलगी आली. तीही हेच काम करते. तिने मला हातोडीने ठोकून पाहिलं.

"बाबा, भिंत धडधाकट आहे. फक्त सिमेंट उतरवायला हवं."

"म्हणजे माझंच काम चुकलं म्हण की."

"हो, बाबा."

तो नाही म्हणाला असता, तर बाईंनी त्याचंच ऐकलं असतं आणि मी आज नसते. पण तो उठला आणि त्याने मुलीच्या हातातली छिन्नी घेतली.

"सरक बाजूला. मी लावलंय, मीच काढणार."

उन्हाळाभर मी सुकले. मग बापलेकीने माझ्यावर चुन्याचा गिलावा चढवला, एकेक थर वाळू देत. वरच्या कोपऱ्यात मात्र त्याने वीतभर सिमेंट मुद्दाम ठेवलं. तो अधूनमधून मला बघायला येतो, तेव्हा ते काय आहे असं पाहुण्यांनी विचारलं की सरळ सांगतो, "ती माझी चूक. तू कशाची आहेस, हे मी भिंतीला विचारलंच नव्हतं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. फक्त आधी तेवढं विचारा. आम्ही सांगतो.