मांजरपाटावरचा महाल

मित्रांनो, मी एक जुना रंगवलेला पडदा आहे. अंगाने साधा मांजरपाट, पण माझ्या पोटात अख्खा महाल आहे, आणि हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

माझा जन्म १९५६ साली जयपुरात झाला. तिथली मराठी मंडळी गणेशोत्सवात नाटक करायची. त्यासाठी विमा कचेरीतल्या एका साहेबांच्या पत्नी, चारुलताबाई, यांनी मला रंगवले. माझ्या मधोमध त्यांनी एक खिळा धरला आणि त्याला गेरूत भिजवलेली दोरी बांधली. दोरी ताणून सोडली की रेष उमटे. साऱ्या रेषा त्या एका ठिपक्याकडे धावल्या, खांब मागे मागे लहान होत गेले, दूरचे रंग फिके झाले, आणि सपाट कापडात लांबलचक दालन उघडले! दालनाच्या टोकाला वीतभर दार.

नाटक बसवणारे बापू त्या दारावरच अडले. "वहिनी, राजा मधल्या दारातूनच यायचा. आपली रीत आहे ती. इथे कापून वाट करू."

"अहो, ते दार लांबचं आहे. त्यातून हरिभाऊ आले तर महालाचं खुराडं होईल!"

तालमीत राजा झालेले हरिभाऊ माझ्याजवळ उभे राहिले, तर त्यांचा फेटा लांबच्या छताच्याही वर! सगळे पोट धरून हसले. "पडदाच चुकलाय," म्हणत बापूंनी कात्री मागवली. माझ्या अंगावर काटा आला. चारुलताबाईंचे डोळे भरले, पण त्या माझ्यासमोरून हलल्या नाहीत.

"उद्यापर्यंत थांबा," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला, चिमुरड्या विनयाला, हरिभाऊंसारखाच अंगरखा आणि फेटा चढवला. माझ्यापुढे फळ्यांचा एक रुंद खांब उभा केला आणि हरिभाऊंना त्याच्याआड लपवले.

"मतलब, मी लांबचा राजा आणि काका जवळचे राजा?" विनयाने विचारले.

"अगदी तस्सं!"

प्रयोगात छोटा राजा माझ्या कडेकडेने चालत खांबाआड गेला आणि पुढच्या बाजूने हरिभाऊ बाहेर पडले. पुढे बसलेल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, केवढ्या लांबून आला हो!" मांडव टाळ्यांनी दणाणला. सर्वांत जोरात टाळ्या बापूंच्या होत्या. त्या दिवशी मी कसा फुललो होतो म्हणून सांगू!

पुढे साहेबांची बदली झाली. चारुलताबाई गेल्या आणि मला कुणीतरी घडी घालून खुर्च्यांखाली कोंबले. घड्यांवरचा रंग झडला. फार वाईट वाटायचे. एकदा नव्या पोरांनी मांडवाच्या ठिगळांसाठी मला बाहेर ओढले. "भैया, पुराना परदाच तर आहे," म्हणत एकाने कात्री लावली. तेवढ्यात म्हातारे हरिभाऊ पुढे आले. त्यांनी मला भिंतीवर टांगायला लावले.

"आता दहा पावलं मागे जा, मग कापा."

पोरे मागे सरली आणि त्यांच्यापुढे ते लांबलचक दालन उघडले. मग त्यांनीच मला बांबूवर अलगद गुंडाळले.

मित्रांनो, जुन्या चित्राची घडी घालू नका. आणि कात्री उचलण्याआधी जरा मागे सरून बघा, कुणीतरी तिथे तुमच्यासाठी केवढी जागा करून ठेवली आहे!