नावाडिणीला विचारा

"मग तुमच्या मते हा गेम कसा म्हातारा झालाय?" मुलाखत घेणाऱ्या मुलीने मास्तरांना विचारलं, आणि मास्तर असे हसले की प्रश्न जणू त्यांच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल होता.

"छान झालाय," ते म्हणाले. "लढाया आता कंटाळवाण्या वाटतात, चित्रं तर बघवत नाहीत. पण माणसं टिकली. कारण ती सगळी माणसं मी लहानपणापासून कान देऊन ऐकली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, गळ्यापाशी माइक लावलेला, गालांवर कुणीतरी पावडर थापलेली. हे वाक्य गेली अठ्ठावीस वर्षं मी छापलेलं वाचत आले होते. मांडीला मांडी लावून ऐकायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

मी हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसते. नाव, वय, काय होतंय, पुढचा. त्याआधी मी टायपिस्ट होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं होतो. मास्तर, म्हणजे शाळेतली गणिताची नोकरी सोडून संगणकाच्या मागे लागलेले गृहस्थ; एक चित्रकार, जो आता हयात नाही; आणि मी. तिथे 'सात वेशी' हा गेम तयार झाला. आपण सहा माणसांची टोळी घ्यायची, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, मारामाऱ्या करायच्या आणि सात वेशी ओलांडून हरवलेला राजा शोधायचा. कित्येकांनी त्यापायी परीक्षा बुडवल्या म्हणे. आता एका मोठ्या कंपनीने तो विकत घेऊन नव्याने काढायचं ठरवलं होतं आणि जाहिरातीसाठी आम्हा उरलेल्या दोघांना बोलावलं होतं. नवरा म्हणाला, जा, चहा तरी फुकट मिळेल.

तर ती टिकलेली माणसं. मास्तर मला हाताने लिहिलेले कागद द्यायचे आणि मी ते संगणकात घालायचे. त्यांच्या कागदांवरचा प्रत्येक जण बक्षीस समारंभात भाषण केल्यासारखा बोलायचा. "हे वाटसरू, तू कोणत्या हेतूने येथे आलास?" लोहार तेच म्हणणार, चोर तेच म्हणणार, पाळण्यातलं पोर बोलतं केलं असतं तर तेही तेच म्हणालं असतं. चाळीस जणांपर्यंत मी दातओठ खाऊन टाइप केलं. एक्केचाळिसावी भट्टीवाली होती. तिच्या तोंडी मी घातलं, "काय हवंय ते पटकन बोला, भट्टी थांबत नाही कुणासाठी."

आठवड्याने मास्तरांना ते सापडलं. त्यांनी खोली डोक्यावर घेतली. मग ते परत वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले की उरलेली माणसं तुम्हीच उरका, माझं लढायांचं काम पडलंय. उरलेली माणसं पावणेचारशे होती. ती मी उरकली. गेम बाहेर आला तेव्हा खोक्यावर छापलं होतं: संवाद, मास्तर. त्याखाली बारीक अक्षरात: टंकलेखन, मी.

तेव्हाच का नाही भांडलीस, असं नवरा अजून विचारतो. तेव्हा माझ्यात भांडण उरलं नव्हतं, कारण त्याच्या आदल्या महिन्यात आई गेली होती.

ती सात आठवडे वॉर्डात होती. भेटायची वेळ चार ते सहा. मी ऑफिसातून तडक जायचे. आमच्या आईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नव्हतं. माझा टॉवेल कुठे आहे, चहा झाला का, एवढेच प्रश्न तिच्या वाट्याला आले. खाटेवर पडल्यावर मात्र ती बोलू लागली, पण आपणहून नाही. ती काहीतरी पुटपुटायची, त्यातला एखादा शब्द पकडून विचारायचं, "कसली उशी?" की मग ती सांगणार.

त्या काळच्या गेममध्ये बोलायची रीतही नेमकी हीच होती. पडद्यावरचा माणूस दोन वाक्यं बोलायचा. त्यातला शब्द आपण पकडायचा आणि टाइप करायचा. शब्द त्याच्या ओळखीचा असला तर तो त्यावर बोलायचा, नसला तर नाही. यादी नाही, खूण नाही. ऐकलं नाही तर अडकून पडाल. आता लोक याला कटकट म्हणतात.

तिसऱ्या वेशीपाशी नदी होती आणि नदीवर एक नावाडीण. तिला 'पलीकडे' एवढं म्हटलं की ती नेऊन सोडायची, काम संपलं. पण मी तिला एकशे साठ शब्द शिकवले होते. आई जे बोलायची ते मी वॉर्डातल्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर उतरवायचे आणि सकाळी नावाडिणीच्या तोंडी घालायचे. मास्तरांनी ते कधी तपासलं नाही. ते फक्त 'पलीकडे' टाइप करून पुढे जायचे, लढायला. पुढे कंपनी दोनदा विकली गेली, माझ्याकडच्या डिस्कना बुरशी लागली, तो संगणक भंगारात गेला. फॉर्म घर बदलताना कुठे गेले देव जाणे. बावीस वर्षं मी त्या बाईचा शब्द ऐकला नव्हता.

म्हणून मी आले होते, चहासाठी नाही.

मुलीने नवा गेम समोरच्या पडद्यावर लावला. चित्रं सुरेख होती, खोटं कशाला बोलू. गवत हलत होतं. लढाया झटपट उरकत होत्या आणि त्याबद्दल मी त्या पोरांचे आभारच मानते, कारण मास्तरांच्या लढाया तेव्हाही म्हाताऱ्याच होत्या. भट्टीवाली आली, माझं वाक्य बोलली, मास्तर कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावत हसले. मग नदी आली.

नावाडीण तरुण आणि शेलाटी झाली होती. तिच्या खाली तीन चौकोन उमटले. नदी ओलांडायची आहे. काय बातमी? येतो.

मी विचारलं की टाइप कुठे करायचं. मुलगी गोड आवाजात म्हणाली, काकू, आता टाइप नाही करायचं, लोकांना तेवढा धीर नसतो. आणि तिचं बाकीचं बोलणं? ते काढलं, ती म्हणाली. शंभरात चार जणसुद्धा ते विचारत नव्हते. आणि मास्तरांना दाखवूनच काढलंय.

"हो, मीच म्हटलं, काढा," मास्तर म्हणाले. "तरुणपणी माणूस काहीही लिहितो. पसारा होता नुसता."

खिडकीत मी रोज दोनशे माणसांची अरेरावी ऐकते, माझा आवाज चढत नाही. तो तेव्हाही चढला नाही.

"नावाडिणीला 'उशी' विचारलं की ती काय म्हणते?"

"उशी?" मास्तर हसले. "अहो, उशीचा आणि नदीचा काय संबंध?"

"मग ती तुम्ही लिहिलेली नाही."

कॅमेरा चालू होता. मास्तरांचं हसू गेलं. ते म्हणाले की इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतं, टाइप करताना तुमच्याकडून एखाददुसरी ओळ इकडची तिकडे झाली असेल.

"आठवत नाही ते वेगळं," मी म्हटलं. "तुम्हाला ते कधी माहीतच नव्हतं. तुम्ही तिला एक शब्द विचारला नाहीत, आणि पसारा म्हणता."

मुलगी पुढे वाकली. तिचे डोळे चमकत होते, असला माल तिला जाहिरातीत एरवी मिळाला नसता. "मग काकू, तुम्ही सांगा ना. काय म्हणते ती?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. उंच उशीचं काहीतरी होतं एवढं आठवत होतं. पुढचं वाक्य, तिचा तो शब्द, तिची ती ढब, काही नाही. दिवे तापले होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर हळूच "बघा" म्हणाले. आयुष्यात मला कुणाचा एवढा राग आला नसेल जेवढा त्या क्षणी स्वतःचा आला.

जेवायची सुट्टी झाली तेव्हा मुलगी माझ्या मागोमाग पॅसेजमध्ये आली. ती वाईट नव्हती. तिने हळू आवाजात सांगितलं की वरून परवानगी मिळालीय, मास्तरांच्या खाली 'लेखन सहाय्य' म्हणून माझं नाव घालतील, फक्त एका कागदावर सही हवी की माझी काही तक्रार नाही.

"सहाय्य," मी म्हटलं.

तिने कागद माझ्या हातात दिला.

"नाव ठेवा तुमच्याकडे. मला नावाडिणीचं बोलणं द्या. सगळं. कागदावर छापून."

ते तिच्या हातात नव्हतं. जुन्या फायली कंपनीच्या मालकीच्या, एक ओळ बाहेर गेली तर तिची नोकरी जाणार. एवढं सांगून ती जायला निघाली, मग परत आली. म्हणाली की जुना गेम तपासणीच्या खोलीत एका यंत्रावर चालू असतो, नव्याशी ताडून बघायला. "तिथेच बसून मी डबा खाते. पाऊण तास. माझी पाठ असते पडद्याकडे."

मोबाईल दारातच काढून घेतले होते. मी पर्समधून पेन काढलं आणि त्या 'तक्रार नाही'च्या कागदाची पाठ.

नावाडीण होती. बोटाएवढी, चौकोनी, तोंडाच्या जागी दोन ठिपके. मी टाइप केलं: उशी.

"उशी उंच नको. उंच उशीवर माणसाला उगीच आपण कुणीतरी आहोत असं वाटतं."

मी मोठ्याने हसले आणि मग रडले. मुलगी पाठमोरी जेवत राहिली. मी लिहून घेतलं. खिडकी. "खिडकीकडची खाट मागितली होती. ती एका आंधळीला मिळाली. मग कशाला बोला." औषध. "कडू तर कडू, पण यात दुसरं काहीच नाही." लेक. "चारला येते. सहाला हाकलतात तिला."

त्रेचाळीस शब्द झाले आणि मला पुढचे आठवेनात. मी जे सुचेल ते टाइप करू लागले. भांडं, लुगडं, पाऊस, भाऊ, चूल, मीठ. बहुतेक वेळा तेच उत्तर यायचं, आई दमली की द्यायची ते. "ते मला नाही माहीत. दुसरं काही विचार." एकशे सतरा वाक्यं त्या ठिपक्यांच्या मागे होती, एका शब्दाच्या अंतरावर, आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही हा नियम तिला मीच घालून दिला होता. मी पडद्यावर दातओठ खात होते. मास्तरांवर, कंपनीवर, धीर नसलेल्या सगळ्या जगावर, माझ्यावर. कागद भरला तेव्हा मी हातावर लिहायला लागले.

दार वाजलं. मास्तर होते, केस नीट विंचरून आलेले. म्हणाले, "चला, फोटोसाठी खोळंबलेत सगळे. आपल्या दोघांचा हवाय."

मी वळले नाही.

"त्यांना म्हणावं, थांबा. मी बोलतेय."

ते उंबऱ्यात उभे राहिले. मुलीने डब्याचं झाकण लावलं आणि जागची उठली नाही. मी टाइप केलं: शाळा.

"ते मला नाही माहीत," नावाडीण म्हणाली. "दुसरं काही विचार."