दादाच्या येझदीचे सायलेन्सर

पुंजाचं मागणं ते केवढं! डोळे पुरते जायच्या आत आपली जुनी येझदी मोटारसायकल एकदा निफाडहून लासलगावपर्यंत स्वतः चालवायची, बस्स. साखरेच्या आजारानं नजर उतरत चालली होती आणि डॉक्टरांनी डोळ्यांना फार महिने दिले नव्हते.

येझदी होती धाकट्या भावाकडे, भारतकडे, नाशकात इंदिरानगरला. त्याला नोकरी लागली तेव्हा पुंजानंच ती देऊन टाकली होती. आणि या पठ्ठ्यानं काय केलं? पाच पावसाळे अंगणात उघडी ठेवली! दोन्ही बाजूंचे सायलेन्सर गंजून तांबडेलाल झाले.

श्रावणात पुंजाचा फोन आला. "रविवारी आण रं गाडी. रस्ता दिसतोय तवर फिरवून घेतो."

भारतनं अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. असली गाडी गावात न्यायची? लोक तोंडात शेण घालतील. "गॅरेजला टाकलीय, दादा," त्यानं ठोकून दिलं.

"अहो, ते गाडी चालवणारेत, पाटावर बसवून ओवाळणार नाहीत," त्याची बायको मनीषा म्हणाली. "आहे तशी न्या." पण ऐकेल तो भारत कसला!

क्रोम चढवायचा भाव ऐकून तो आल्या पावली परतला होता. मग सगळं घरीच. सायलेन्सर उतरवून गच्चीवर नेले, रॉकेल लावलं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून घासली. वरचा गंज निघाला, खालचा चिंचेनंही हलेना. पॉलिश पेपर घेऊन बसला, तर गंजाबरोबर उरलंसुरलं क्रोमही गेलं. म्हणून चंदेरी रंग मारला, तोही दाराखिडक्यांचा! इंजिन तापताच धूर, घाण वास आणि पापुद्रे. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

पुंजाचे फोन येत राहिले. "पुढच्या रविवारी नक्की, दादा," हे पालुपद चालू राहिलं. दिवाळी गेली. उष्णता सोसणारा रंग आणून, तीन हात देऊन, इंजिन थोडं थोडं तापवत तो पक्का केला, तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सायलेन्सर मात्र नवेकोरे दिसत होते आणि भारत स्वतःवर भलताच खूश होता.

निफाडला ओट्यापुढे गाडी उभी करून त्यानं हाक मारली, "दादा, बघ तरी!"

पुंजा भिंत धरून उतरला. हसत हसत वाकला आणि त्याचा हात थेट तापलेल्या सायलेन्सरकडे निघाला. भारतनं झटकन त्याचं मनगट धरलं. दादाला काहीच दिसत नव्हतं.

"कधीपासून, दादा?"

"दिवाळीपस्तोर दिसत व्हतं. पाडव्याला बैलं वळखली मी."

"सायलेन्सर गंजले होते रे. मला लाज वाटली."

"आरं येड्या, मी काय सायलेन्सरवर बसणार व्हतो?"

भारतला वाटलं, दादानं दोन थोबाडीत द्याव्यात. मनीषाचं ऐकलं असतं तर श्रावणातच दादा लासलगावला जाऊन आला असता. आता काय जाळायचाय तो रंग?

"मागं बस, दादा. मी नेतो तुला."

"नगं. मागं बसून काय करू? स्टँडला लाव."

पुंजा चाचपडत पुढच्या सीटवर बसला. हँडलच्या मुठी त्याला बरोबर सापडल्या.

"मार किक. जाग्यावरच चालवतो मी. तू रस्ता सांग."

भारतनं किक मारली. इंजिन धडधडू लागलं, पुंजानं मूठ पिळली आणि मान किंचित पुढे काढून तो वाट बघत राहिला. भारत त्याच्या कानाशी वाकला, "निघालो ओट्यापासून, दादा. आता सरळ घे."