जोडी टाकणाऱ्याचा चहा

"पॅक," म्हणत मुखरूनं पत्ते पालथे टाकले आणि वच्छला आपल्या हातातले पत्ते न पाहताच हसायला लागली.

"मांडा मंग चहा. कायची व्हती जोडी? अठ्ठीची?"

"सत्तीची."

"अवो, जोडी आली त एक चाल खेळून त पाहा. महाग पडून राह्यली असं वाटलं त सोडा मंग. कोण धरून ठेवते तुमाले?"

"मी पह्यल्या जागेवर हावो ना. मांगं तुमी तिघं बसले. कोणाजवळ काय हाय, मले का ठाव?"

"असाच लगनातयी बसला व्हता हा," झिंगू म्हणाला. "वच्छलाबाईच्या बापानं विचारलं, पोरगी पसंद हाय काय, त हा म्हणे आधी बाकीच्यायले विचारा."

असा हा मुखरू. आरमोरीच्या एका राईस मिलमध्ये पट्टे बदलायचा, बेअरिंगला ग्रीस द्यायचा, अंगावर कायम कोंडा. रविवारी मिल बंद, की दुपारी त्याच्या ओसरीवर डाव पडायचा. तो, त्याची बायको वच्छला, शेजारचा झिंगू आणि झिंगूची सीता. तीन पत्ती. पैसे नाहीत, नुसते चिंचोके. पण भांडणं अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं इथं शेत लागलंय डावावर.

आणि या ओसरीचा एक कायदा होता. हातात जोडी असून ज्यानं पत्ते टाकले, त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा. टाकलेले पत्ते मात्र कोणी उलटून पाहायचे नाहीत. टाकणाऱ्यानं आपणहून उठायचं, इमानाचा मामला. आता, मोठी जोडी आली तर कोण टाकतो? आणि दुरी-तिरीची टाकायला कोणाला वाईट वाटतं? गोची होती ती मधल्या जोडीची, सत्ती, अठ्ठी, नव्वी. फेकवत नाही आणि भरवसाही वाटत नाही. मुखरू शेवटी बोलणारा असला, की याच अठ्ठीच्या जोडीवर वाघासारखा बसायचा. पण पहिला बोलायची पाळी त्याची आली की गडी गार. पॅक. म्हणून त्या ओसरीवर जन्मभर चहा मुखरूनंच केला. झिंगूनं एकदाही केला नाही. "जोडी टाकाले मी का मुखरू हावो?" असं म्हणून तो मांडी ठोकायचा, हरायचा, आणि पुन्हा ठोकायचा.

मग मागच्या उन्हाळ्यात वच्छलाच्या पोटात दुखायला लागलं. गावात दाखवलं, गडचिरोलीला दाखवलं, शेवटी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरनं मुखरूला एकट्यालाच आत बोलावलं. वच्छला बाहेर बाकड्यावर, मांडीवर पिशवी धरून.

"गाठ आहे," डॉक्टर म्हणाला. "ऑपरेशन केलं तर निम्मी आशा आहे. खोटं सांगत नाही, टेबलावरही काही होऊ शकतं. नाही केलं तर काही महिने आहेत. काय करायचं?"

पंखा फिरत होता. डॉक्टर पेन धरून थांबला होता. आणि मुखरूच्या तोंडून निघून गेलं, "नाई साहेब. घरी नेतो मी तिले."

बाहेर येऊन त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला बसस्टँडवर आणलं. सगळं सांगितलं ते बसमध्ये. मूल गाव मागं पडलं होतं, दोन्हीकडे जंगल लागलं होतं. वच्छला बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

"तुमचे पत्ते तुमी जलमभर टाकले," ती म्हणाली. "मी हासली. पण हे त माहे व्हते."

मुखरू पिशवीचा बंद पिळत राहिला.

"मले पाहू त द्याचे व्हते."

गडचिरोलीच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं. "घरी गेल्यावर चहा मांडा," म्हणाली.

घरी गेल्यावर त्यानं चहा केला. तिनं तो पूर्ण प्यायला, बशी पालथी घातली आणि विषय तिथंच संपवला. पण मुखरूला झोप कुठली? सकाळी उठून तो म्हणाला, "चाल, परत जाऊ. तू सांगशीन ते करू." ती उठलीसुद्धा. पण तिला ताप चढला होता. तो उतरून ती बसमध्ये बसण्याजोगी होईस्तोवर महिना गेला. डॉक्टरनं नवी फिल्म उजेडाला धरली आणि मान हलवली. आता नाही जमणार.

धानाची रोवणी संपत आली आणि वच्छला गेली.

त्यानंतर पोळा आला. मुखरूच्या घरी यंदा सण नव्हता. पण दुसऱ्या दिवशी, करीच्या दुपारी, गल्लीत घरोघर पत्ते चालू असताना झिंगू आणि सीता त्याच्या ओसरीवर येऊन बसले. झिंगूनं चिंचोक्यांची थैली बरोबरच आणली होती.

"पत्ते तूच वाट," तो सीताला म्हणाला. "हा वाटत बसला त संध्याकाळ होईन."

सीतानं पत्ते वाटले. चौथ्या जागेकडे तिचा हात गेला आणि तसाच मागं आला. तिच्या शेजारी मुखरू, म्हणजे पहिलं बोलायचं त्यानं.

त्यानं पत्ते उचलले. अठ्ठी, अठ्ठी आणि एक पंजी.

झिंगू विडी शोधत बसला होता. मुखरू काय करणार हे त्याला ठाऊकच होतं. दोन पोरं लाकडी नंदीबैल ओढत गल्लीतून गेली, चाकं खडखडली.

"चाल," मुखरू म्हणाला आणि त्यानं दोन चिंचोके पुढे सरकवले.

झिंगूची नुकती सापडलेली विडी बोटातच राहिली. त्यानं मुखरूकडे पाहिलं. मग आपले पत्ते उचलले, छातीशी धरले आणि खूप वेळ तसाच पाहत बसला. असा विचार करताना झिंगूला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"पॅक," तो म्हणाला.

"माह्याजवळयी काई नाई, भाऊजी," सीतानं पत्ते टाकले. "घ्या."

मुखरूनं चिंचोके ओढून घेतले. एवढुसा ढीग झाला. तो त्याकडे पाहत असताना झिंगू गुडघ्यावर हात टेकून उठला.

"कुठी चालला?" सीतानं विचारलं.

"चहा मांडतो."

सीतानं त्याच्या पालथ्या पत्त्यांकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज आला. एक झाकण पडलं. त्या घराची चूल झिंगूला सवयीची नव्हती.

"साखर कुठी ठेवली बे मुखरू?"

"वरच्या फळीवर पाहाय," मुखरू म्हणाला. "तिच्या गोळ्यायच्या डब्यामांगं."

आत डबा हळूच सरकल्याचा आवाज आला.

झिंगूचे तीन पत्ते ओसरीवर पालथे पडले होते. मुखरूनं ते तसेच पालथे उचलले, गड्डीच्या मधोमध घातले आणि पिसायला लागला.